करवंदीच्या जाळीखालची माती

रायगडचा किनारा मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत दक्षिणोत्तर पसरला असला, तरी समुद्र आणि डोंगर यांच्यामधली सपाटी फार रुंद नाही. लाटांनी भिजणारी पुळण, तिच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांमागे खाडीच्या कडेची खाजणे आणि भाताची खाचरे, आणि खाचरे संपता संपता चढू लागणारा डोंगर, हा क्रम बहुतेक ठिकाणी काही किलोमीटरांतच पुरा होतो. कोर्लईला तर डोंगर थेट समुद्रात शिरलेला आहे. अलिबागच्या बाजूचे कनकेश्वर आणि सागरगड, मुरूड व रोहा यांच्या दरम्यानचे फणसाडचे रान, श्रीवर्धनच्या पाठीशी असलेले कमी उंचीचे माळ, या सर्वांच्या उतारांवर करवंदीच्या जाळ्या, मधून मधून उघडे पडलेले दगड आणि पायाखाली भरभरीत, तांबूस, सहज घसरणारी माती असे साधारण सारखेच दृश्य आढळते. कोकणात या जमिनीला वरकस म्हणतात. नाचणी आणि वरी यांपलीकडे तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवली जात नाही, आणि बोटांत धरली की ती रेताड लागते, म्हणून तिला हलकी समजण्याची रूढी आहे.

हा समज सर्वस्वी चुकीचा नाही, परंतु त्यातला ‘रेताड’ हा शब्द मात्र फसवा आहे. रायगडच्या डोंगरउतारांवर खऱ्या अर्थाने वाळू जवळजवळ नाही. जे वाळूसारखे लागते ते मुख्यतः लोहाने घट्ट बांधलेले चिकणमातीचे कण आणि अर्धवट कुजलेल्या बेसाल्टचे तुकडे असतात. वाळूसारखा निचरा, चिकणमातीसारखे रसायन आणि या दोहोंना टिकवून धरणारी झुडुपे अशा तिहेरी व्यवस्थेवर ही माती उभी आहे, आणि तिचे बहुतेक गुणदोष या व्यवस्थेतूनच उलगडतात.

मृदाशास्त्रात वाळू, पोयटा आणि चिकणमाती हे शब्द प्रथम आकारासाठी वापरले जातात. २ ते ०.०५ मिलिमीटर व्यासाच्या कणांना वाळू, ०.०५ ते ०.००२ मिलिमीटर कणांना पोयटा आणि त्याहून बारीक कणांना चिकणमाती म्हणतात, व या तिन्हींच्या परस्पर प्रमाणाला मातीचा पोत असे नाव आहे. शेतावर हा पोत बोटांनी अजमावला जातो: ओली माती चिमटीत दाबून तिची पट्टी निघते का, किती लांब निघते, आणि घासताना ती खरखरते की चिकटते, एवढ्यावर जाणता माणूस बराच अचूक अंदाज सांगतो. वरकस मातीच्या बाबतीत मात्र ही परीक्षा हमखास चकवते. चिमटीत खरखरणारी तीच माती पाण्यात बराच वेळ मळत राहिल्यास हळूहळू चिकट होत जाते. प्रयोगशाळेत कण सुटे करणारी रसायने घालून, आणि त्याआधी कणांवरचे लोहाचे लेप विरघळवून तिचे विश्लेषण केले, तर रेताड वाटलेल्या नमुन्यात चिकणमातीचे प्रमाण अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक निघते. लोहाच्या ऑक्साइडांनी चिकणमातीचे असंख्य सूक्ष्म कण एकत्र सांधून वाळूच्या आकाराचे टणक दाणे बनवलेले असतात. अशा दाण्यांना आभासी वाळू म्हणता येईल, आणि उष्ण, पावसाळी प्रदेशांतील तांबड्या मातींमध्ये ती जगभर आढळते.

खरी वाळू नसण्याचे कारण खडकात आहे. सह्याद्री आणि त्याच्या पायथ्याचे कोकण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेले आहे, आणि हा बेसाल्ट मुख्यतः प्लेजिओक्लेज, पायरॉक्सिन, लोह-टायटॅनियमची काळी खनिजे आणि ज्वालामुखी काच यांचा असतो. टिकाऊ वाळू ज्या खनिजाची होते ते क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, मूळ बेसाल्टमध्ये जवळजवळ नसते. खडकाच्या पोकळ्यांत मागाहून साचलेल्या गारगोट्या हा एवढाच काय तो अपवाद. ग्रॅनाइट कुजला की त्यातील इतर खनिजांची माती होते आणि क्वार्ट्झचे दाणे तसेच मागे उरतात, म्हणून ग्रॅनाइटी डोंगराखाली वाळू असतेच. बेसाल्ट कुजला की काळी लोहखनिजे सोडता जवळजवळ सगळेच बदलते. महाराष्ट्रातच हा फरक पाहायचा तर सिंधुदुर्गात जावे लागते, कारण तेथे बेसाल्टच्या आच्छादनाखालचे जुने खडक उघडे पडले आहेत आणि कासार्डे परिसरात काचेसाठी लागणारी सिलिका वाळू खणली जाते. रायगडमध्ये तसे काही नाही. इतकेच नव्हे, तर रायगडच्या पुळणीवरची वाळूही बरीचशी बेसाल्टचे झिजलेले कण, शिंपल्यांचा चुरा आणि मॅग्नेटाइट व इल्मेनाइट यांचे काळे दाणे यांची बनलेली असते. तिच्यातून लोहचुंबक फिरवल्यास त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटतात. शिंपल्यांतल्या चुन्यामुळे पुळणीची जमीन किंचित विम्लधर्मी असते आणि तिच्यावर पोफळी फोफावते (श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे), तर तिच्याच मागच्या डोंगरावरची माती आम्लधर्मी असते. दोन्ही ठिकाणी पायाखाली खरखरते, पण त्या खरखरीची कारणे वेगळी आहेत.

एकाच खडकापासून दोन भिन्न माती कशा होतात, याचे याहून ठळक उदाहरण घाटमाथ्याच्या पलीकडे आहे. सोलापूरची काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात चिकटून बसणारी जमीन बेसाल्टचीच, आणि कनकेश्वराच्या उतारावरची तांबूस, कधीही न भेगाळणारी मातीही बेसाल्टचीच. फरक पडतो तो पाण्याने. अलिबागला वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सोलापूरला त्याच्या सुमारे एक तृतीयांश. देशावर थोड्या पाण्यात कुजणाऱ्या खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका बऱ्याच प्रमाणात जागीच राहतात आणि त्यांतून स्मेक्टाइट नावाचे खनिज बनते, ज्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगते आणि पाणी गेले की आकसते. कोकणाच्या उतारावर पावसाचे पाणी दरवर्षी मातीतून धावत जाते, विरघळणारे सर्व काही वाहून नेते, आणि मागे अॅल्युमिनियम व लोह उरते. त्यातून केओलिनाइट हे न फुगणारे चिकणखनिज आणि लोहाची दोन ऑक्साइडे तयार होतात: तांबडा रंग देणारे हेमॅटाइट आणि पिवळसर तपकिरी रंग देणारे गोथाइट. हीच प्रक्रिया फार दीर्घकाळ आणि सपाट पृष्ठभागावर चालली की जांभा तयार होतो. ‘लॅटराइट’ हे त्याचे शास्त्रीय नाव फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ साली केरळातील अंगाडिपुरमच्या दगडावरून रूढ केले. रायगडच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे, श्रीवर्धनच्या बाजूला, जांभ्याचे आच्छादन वाढत जाते. उत्तरेकडच्या उभ्या उतारांवर मात्र जांभा पिकायला सवडच मिळत नाही, कारण कुजलेला भाग जमण्याआधीच खाली वाहून जातो. म्हणून या उतारांवरची माती जांभ्याच्या वाटेवर निघालेली, पण मध्येच रोखली गेलेली असते.

तिची जाडीही त्यामुळेच थोडी असते. करवंदीच्या जाळीत एखादा छोटा खड्डा घेतला, तर सर्वांत वर पानांचा अर्धवट कुजलेला थर, त्याखाली काही सेंटिमीटर गडद तपकिरी, दाणेदार आणि मुळांनी विणलेली माती, तिच्याखाली तांबूस आणि अधिक घट्ट थर, आणि मग मुरूम लागतो. मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट: त्याच्यात मूळ खडकाची रचना, क्वचित कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गोल थरही दिसतात, पण तो कुदळीने फुटतो. उभ्या उतारावर हा मुरूम वीतभर खोलीवरही लागतो, तर पायथ्याला, जेथे वरून वाहून आलेली माती थबकते, तेथे माणसाच्या उंचीइतकी माती सापडू शकते. माथ्यावरून खाली येताना माती अशी क्रमाने बदलत जाते, आणि या क्रमाला मृदाशास्त्रात साखळी म्हणतात. जेफ्री मिल्न याने १९३५ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतील टेकड्यांवर काम करताना ही कल्पना मांडली. शास्त्रज्ञांनी ती मांडण्याच्या फार पूर्वीपासून कोकणातला शेतकरी या साखळीतल्या प्रत्येक कडीला स्वतंत्र नावाने ओळखत आला आहे, माळ, वरकस, खाचर, खाजण, पुळण, आणि प्रत्येकीचे पीकही त्याने वेगळे ठरवलेले आहे.

आता झुडुपांकडे वळता येईल. रायगडच्या उतारांवरचे मूळ रान निमसदाहरित आणि पानझडी वृक्षांचे. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ असे वृक्ष फणसाडमध्ये अजूनही भेटतात. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान राखीव राहिले म्हणून वाचले आणि १९८६ साली ते अभयारण्य झाले. इतरत्र शतकानुशतकांची तोड, चराई आणि वणवे यांनी वृक्ष मागे हटले आणि त्यांच्या जागी करवंद, तोरण, गेळा, धायटी, मुरुडशेंग, कुडा, समुद्राच्या वाऱ्याला तोंड देणारी अंजनी, आणि गेल्या शतकभरात सर्वत्र घुसलेली घाणेरी यांचे झुडुपी रान आले. जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियाच्या किनारी डोंगरांवर, दिसायला याच्याशी मिळतेजुळते झुडुपी रान आहे. त्याला चॅपरल म्हणतात, आणि तेही भरभरीत, उथळ, उतारावरच्या मातीत वाढते. तेथील ऋतुमान मात्र उलटे आहे: पाऊस हिवाळ्यात आणि कोरड उन्हाळ्यात, म्हणजे उष्णता आणि ओलावा एकमेकांना कधीच भेटत नाहीत. कोकणात ते दोन्ही जूनमध्ये एकाच वेळी येतात, आणि म्हणून खडक कुजण्याचा वेगही येथे कितीतरी अधिक असतो. दोन्ही रानांतली बरीच झुडुपे जाड, चिवट पानांची असून तोडल्या-जाळल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटणारी आहेत, हे साम्य मात्र खरे आहे.

झुडूप मातीला काय करते, हे नेमके दाखवणारा प्रयोग चॅपरलच्याच प्रदेशात झालेला आहे. लॉस एंजेलिसजवळील सॅन डिमास येथील प्रायोगिक वनात अमेरिकेच्या वनखात्याने १९३७ साली काँक्रीटचे मोठे हौद एकाच जागची माती नीट मिसळून भरले, आणि १९४६ साली काही हौदांत खुरटा ओक तर काहींत पाइन लावला. ४१ वर्षांनी, १९८७ साली, त्या हौदांतील माती उघडून पाहण्यात आली तेव्हा ओकच्या झुडुपांखाली सुमारे ७ सेंटिमीटर जाडीचा गडद, दाणेदार थर तयार झालेला होता आणि तो जवळजवळ संपूर्णपणे गांडुळांच्या विष्ठेचा होता. पाइनखाली गांडुळे नव्हती, गडद थर जेमतेम १ सेंटिमीटर होता आणि वरच्या थरातील चिकणमाती पाण्याबरोबर खाली उतरू लागली होती. खडक तोच, पाऊस तोच, उतारही तोच. तरीही वरच्या पाल्याची प्रत आणि त्यावर जगणारे जीव यांनी अर्ध्या शतकाच्या आत दोन वेगळ्या माती घडवल्या. मृदाशास्त्रातील इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

रायगडच्या उतारावर हेच काम गांडुळे आणि वाळवी वाटून घेतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत गांडुळे वरच्या थरात पाला ओढून नेतात, माती खातात आणि दाणे टाकतात. पाऊस ओसरला की ती खोल जाऊन निपचित पडतात. कोरड्या आठ महिन्यांत वाळवी पुढे सरसावते. ती मुरमाजवळची बारीक, ओली माती वर आणून वारुळे बांधते, आणि सोडलेले वारूळ पावसाने वितळले की खालून आणलेली ती चिकणमाती पृष्ठभागावर पसरते. निचऱ्याने चिकणमाती खाली नेण्याच्या प्रवाहाला हा उलटा प्रवाह आहे. करवंदीचे काटे यात अप्रत्यक्ष पण मोलाची भर घालतात. गुरे जाळीत शिरत नाहीत, त्यामुळे तेथली माती तुडवली जात नाही, पाला जागीच राहतो, आणि जांभूळ किंवा ऐनाचे एखादे रोप गुरांच्या तोंडातून वाचते. जाळीबाहेरच्या मोकळ्या, तुडवलेल्या जागेवर पावसाच्या थेंबांनी पृष्ठभाग सारवल्यासारखा बंद होतो आणि पाणी वरूनच पळते, तर दोन पावलांवर जाळीच्या आत तेच पाणी मुरते. वरकस जमिनीची प्रत ठरवताना हे दोन नमुने एकत्र मिसळून सरासरी काढण्याची पद्धत सोयीची असली, तरी त्या सरासरीत प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेली तिसरीच माती हाती लागते.

रासायनिक बाजूने पाहता ही माती सौम्य ते मध्यम आम्लधर्मी असते. तिच्यातील सेंद्रिय कर्ब देशावरच्या कोरडवाहू जमिनींपेक्षा अनेकदा अधिक असतो, आणि ज्यांना ती निव्वळ निकस वाटते त्यांना याचे आश्चर्य वाटते. लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडे सेंद्रिय द्रव्याला घट्ट धरून ठेवतात, हे त्याचे एक कारण. तीच ऑक्साइडे स्फुरदालाही धरतात, आणि येथे त्यांचा गुण दोष ठरतो: खतातून टाकलेला स्फुरद त्यांच्या पृष्ठभागावर असा पक्का बसतो की पिकाला त्यातला थोडाच अंश मिळतो. म्हणून आंबा-काजूच्या खड्ड्यात स्फुरदयुक्त खत सर्वत्र न पसरता मुळांच्या जवळ आणि शेणखतात मिसळून द्यावे लागते, आणि आम्लात हळूहळू विरघळणारे रॉक फॉस्फेट, जे देशावरच्या चुनखडीयुक्त जमिनीत जवळजवळ निरुपयोगी ठरते, ते येथे उपयोगी पडते. केओलिनाइटची पोषकद्रव्ये धरण्याची क्षमता स्मेक्टाइटच्या मानाने कित्येक पट कमी असल्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश यांचा साठा मातीपेक्षा झाडाझुडुपांच्या अंगातच अधिक असतो. मुळे मुरमाच्या भेगांतून ही द्रव्ये वर काढतात, पाने गळतात, पाला कुजतो, आणि पावसाने धुऊन नेण्याआधी वरच्या थरातली मुळे ती पुन्हा उचलतात. हे चक्र जिथे तुटते तिथे माती काही वर्षांतच उघडी पडते.

आणि ते चक्र कोकणात पिढ्यान्‌पिढ्या हेतुपुरस्सर तोडले गेले आहे. कारण वरकस जमीन ही पूर्वापार खाचराची चाकरी करणारी जमीन मानली गेली. भाताचा तरवा पेरण्याआधी जागेवर शेण, ऐनासारख्या झाडांचे टहाळ, वाळके गवत आणि पातेरा यांचे थर रचून, वर माती पसरून ते उन्हाळ्याच्या अखेरीस जाळायचे, याला राब म्हणतात, आणि राबासाठी लागणारे टहाळ व पातेरा येतो तो वरकसातून. पुणे शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी या पद्धतीचा रासायनिक अभ्यास करून तो १९१२ साली प्रसिद्ध केला. राबाने तणांचे बी मरते, राखेतून पालाश मिळतो, आणि तापलेल्या मातीतील अडकून पडलेली पोषकद्रव्ये रोपांना उपलब्ध होतात, ही त्याची कारणे आज सामान्यपणे मान्य आहेत. शासकीय कृषितज्ज्ञांनी राबाला दीर्घकाळ नासाडी म्हणून हिणवले आणि कोकणातील शेतकऱ्याने तितकाच दीर्घकाळ त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. रोपवाटिकेच्या दृष्टीने शेतकऱ्याचे बरोबर होते आणि डोंगराच्या दृष्टीने तज्ज्ञांचे. दरवर्षी टहाळांबरोबर उतारावरचा पालाश आणि चुना खाचरात उतरत राहिला, आणि उतारावर मागे राहिले ते लोह.

उतारावरच्या शेतीची दुसरी रीत म्हणजे दळी. कुलाबा जिल्ह्यात, ज्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, ठाकर आणि कातकरी कुटुंबे डोंगरावरच्या ठरावीक तुकड्यांत झुडुपे तोडून, जाळून त्या राखेवर नाचणी, मग वरी, मग हरीक किंवा तीळ अशी पिके घेत, आणि दोन-तीन हंगामांनंतर तो तुकडा पडीक सोडून दुसरीकडे जात. पडीकपणाची वर्षे पुरेशी असली की करवंद आणि धायटी परत येत, पाला साठे, आणि दाणेदार थर पुन्हा जमे. उतारावरच्या मातीला लागणारी ही विश्रांती जमिनीवरचा भार वाढत गेला तशी आखूड होत गेली, आणि दोष मात्र दळी कसणाऱ्यांच्या माथी आला. त्यांच्या हाती उरलेली जमीन किती आणि कसली होती, हा प्रश्न त्या दोषारोपात सहसा विचारला जात नाही.

जाळण्याचा विषय निघाला की चॅपरलशी तुलना पुन्हा उपयोगी पडते. कॅलिफोर्नियात मोठ्या वणव्यानंतर पहिल्याच पावसात डोंगरावरून चिखलाचे लोंढे उतरतात. लिओनार्ड डिबानो आणि इतरांनी १९६० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांतून असे दिसले की जळणाऱ्या पाल्यातील मेणचट द्रव्ये वाफ होऊन मातीत शिरतात, थोड्या खाली थंड होऊन कणांवर बसतात, आणि तेथे पाणी न शिरू देणारा थर बनतो. माती साधारण १७५ ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की हा जलविकर्षक गुण तीव्र होतो, आणि २८० ते ४०० अंशांच्या दरम्यान तो नष्ट होतो. खरी, भरड वाळू याला सर्वांत लवकर बळी पडते, कारण तिच्या कणांचे एकूण पृष्ठफळ थोडे असते आणि मेणाचा पातळ लेपही ते झाकून टाकतो. रायगडच्या वरकसात परिस्थिती वेगळी आहे. येथील उन्हाळी वणवा मुख्यतः गवत आणि सुका पाला जाळत झपाट्याने पुढे जातो, त्यामुळे माती फारशी खोलवर तापत नाही. शिवाय आभासी वाळूचे दाणे आतून चिकणमातीचेच असल्याने त्यांचे पृष्ठफळ प्रचंड असते आणि तेवढ्या मेणाने ते झाकले जाण्यासारखे नसते. वणव्याचे नुकसान येथे दुसऱ्या वाटेने होते. मे महिन्यात पाल्याचे आच्छादन जळून जाते आणि जूनचा पहिला जोरकस पाऊस उघड्या मातीवर आदळतो. नवे गवत उगवून जमीन झाकेपर्यंतचे दोन-तीन आठवडे हे वर्षातले सर्वाधिक धुपीचे असतात. वणवा लावण्याचा हेतू चांगले गवत मिळावे असा असतो, आणि पहिल्या वर्षी राखेमुळे ते मिळतेही, म्हणून ही प्रथा निव्वळ उपदेशाने थांबत नाही.

पाण्याच्या बाबतीत आभासी वाळूचा फायदा आणि तोटा दोन्ही स्पष्ट दिसतात. दाण्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून पावसाचे पाणी झरझर उतरते, म्हणून जाळीखालच्या मातीत मुसळधार पावसातही पाणी सहसा तुंबत नाही. दाण्यांच्या आत सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांत पाणी राहते, पण त्यातले बरेचसे इतके घट्ट धरलेले असते की मुळांना ते ओढता येत नाही. परिणामी ऑक्टोबरच्या उन्हात वरची वीतभर माती कोरडी होते, आणि मार्चपर्यंत हिरव्या राहणाऱ्या करवंदीला पाणी मिळते कोठून, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर मुरमात आहे. कुजलेल्या खडकाच्या भेगा आणि छिद्रे पावसाळ्यात भरतात आणि तो साठा संथपणे झिरपत राहतो. झुडुपांची खोल मुळे या साठ्यापर्यंत पोचतात. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवरही झुडुपे उन्हाळा काढतात ती पुष्कळ अंशी कुजलेल्या ग्रॅनाइटमधल्या पाण्यावरच, असे आढळले आहे. मातीची जाडी मोजताना मुरूम लागला की फावडे थांबवण्याची सवय त्यामुळे दिशाभूल करते: झाडाच्या दृष्टीने माती तेथे संपत नाही. फणसाडमध्ये डोंगरातले जे पाणवठे ‘गाण’ या नावाने ओळखले जातात, फणसाड गाण, चिखलगाण यांसारखे, त्यांना पाणी पुरवतो तो असाच मुरमात आणि लाव्ह्याच्या थरांमधल्या फटींत साठलेला पाऊस.

मुरमाच्या या गुणाचा उपयोग फळबागांनी केला आहे. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीत कोकणातल्या वरकसावर आंबा-काजू मोठ्या प्रमाणावर आला, आणि आंब्यासाठी १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेण्याची शिफारस होती. तो खड्डा बहुतेक ठिकाणी मुरमातच जातो. त्यात माती आणि शेणखत भरून रोप लावले की पहिली काही वर्षे मूळ भरलेल्या मातीत वाढते आणि पुढे भेगा शोधत खाली जाते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत अशा लागवडीबरोबर आच्छादनावरही भर असतो, कारण दोन झाडांमधली झुडुपे साफ करून टाकलेली बाग उन्हाळ्यात पाणी गमावते आणि पावसाळ्यात माती. तरीही स्वच्छ, झाडलेल्या बागेचा मोह पुष्कळ बागायतदारांना सुटत नाही.

याच मुरमाचा आणखी एक गुण अलीकडे अडचणीचा ठरू लागला आहे. कोरड्या दिवसांत त्याला उभे कापले तरी तो भिंतीसारखा ताठ राहतो, कारण लोहाचा चिकटा आणि सूक्ष्म छिद्रांतल्या थोड्याशा पाण्याचा ताण कणांना एकत्र धरून ठेवतात. रस्ते, बंगले आणि सपाट केलेले भूखंड यांसाठी अलिबाग-मुरूड परिसरात असे कापलेले उतार हिवाळ्यात तयार होतात आणि त्या वेळी ते निर्धोक दिसतात. पावसाळ्यात छिद्रे पूर्ण भरली की तो ताण नाहीसा होतो, पाण्याचा दाब उलट बाहेर ढकलू लागतो, आणि तोच कडा ढासळतो. मोठ्या प्रमाणावर हेच घडले तर दरड कोसळते. २५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सावित्रीच्या खोऱ्यातल्या जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर, आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगर खाली आला. तळियेत ८० हून अधिक माणसे दगावली. अशा घटनांनंतर झाडे लावण्याचा आग्रह धरला जातो. वरच्या मीटर-दीड मीटर मातीला झुडुपांची मुळे खरोखर धरून ठेवतात आणि उथळ घसरणी त्यांनी कमी होतात, परंतु घसरण्याचा पृष्ठभाग मुळांच्या कितीतरी खाली, ओल्याचिंब मुरूम आणि पक्क्या बेसाल्टच्या सीमेवर असेल, तर वरचे रान कितीही दाट असले तरी ते मातीबरोबरच खाली येते. तेथे उपयोगी पडते ते वरून मुरणारे पाणी चर काढून बाजूला वळवणे आणि उताराचा पायथा न कापणे.